मध्यवर्ती पैसा आणि राज्याची शाळा

पाटाच्या पाण्यावर बागाईत करणाऱ्या शेतकऱ्यास पाळी सांभाळावी लागते, आणि कोणत्या पिकास पाणी मिळेल हेंही पुष्कळदां खात्याच्या मंजुरीवर ठरतें. स्वतःच्या विहिरीवर भिजविणारास ही अडचण नाहीं. परंतु विहीर आटली म्हणजे त्यास विचारणाराही कोणी नाहीं. शाळांच्या खर्चाचा प्रश्न असाच आहे. जेथें पैसा मध्यवर्ती सरकारचा व कारभार राज्याचा, तेथें पैशाबरोबर अटी किती याव्यात हा वाद ठरलेलाच. अमेरिकेंत तो दीडशें वर्षांहून अधिक काळ चालला आहे, आणि त्याची एक मोठी झुंज शेतकी शिक्षणावरच झाली. म्हणून ती हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेंत शिक्षणाचा उल्लेख नाहीं. १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीप्रमाणें जे अधिकार मध्यवर्ती सरकारास दिलेले नाहींत ते राज्यांकडे व लोकांकडे राहतात. सबब शाळा हा राज्यांचा विषय. शेतकी व यांत्रिक कला शिकविणाऱ्या महाविद्यालयांसाठीं राज्यांस सरकारी जमीन देण्याचें बिल काँग्रेसनें मंजूर केलें, तेव्हां राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनीं १८५९ सालीं तें नाकारलें. मध्यवर्ती सरकारनें राज्यांच्या घरकामांत पडूं नये, हें त्यांच्या कारणांपैकीं एक होतें. पुढें १८६२ सालीं लिंकन यांनीं त्याच धर्तीच्या मॉरिल कायद्यावर सही केली. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांतील प्रत्येक सभासदामागें त्याच्या राज्यास ३०,००० एकर जमीन मिळावयाची होती. ती विकून येणारें भांडवल कायम ठेवावें, व्याजावर महाविद्यालय चालवावें, आणि इमारतीस त्यांतील एक पैही लावूं नये, अशा अटी होत्या. इमारत राज्यानें बांधावयाची. अटी थोड्या आणि राज्याचा वांटा उघड, हा त्या कायद्याचा गुण होय. मात्र ह्या जमिनी मूळ रहिवासी जमातींकडून घेतलेल्या होत्या, हें विसरतां येत नाहीं.

अटी थोड्या म्हणजे न्याय झाला असेंही नाहीं. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या मुलांस ह्या महाविद्यालयांची दारें बहुतेक बंदच राहिलीं. १८९० च्या दुसऱ्या कायद्यानें रोख वार्षिक मदत सुरू केली आणि अट घातली कीं, प्रवेशांत वर्णभेद करूं नये; करावयाचा तर कृष्णवर्णीयांसाठीं वेगळें महाविद्यालय काढून त्यास रास्त हिस्सा द्यावा. हा न्याय अर्धाच होता. तरी त्या अटीमुळें कांहीं दारें उघडलीं. पुढें हिस्सा देण्यांत राज्यांनीं काय केलें? सप्टेंबर २०२३ मध्यें मध्यवर्ती शिक्षण व शेती खात्यांच्या मंत्र्यांनीं १६ राज्यांच्या गव्हर्नरांस पत्रें लिहून दाखविलें कीं, मागील सुमारें तीस वर्षांत ह्या महाविद्यालयांस १,२०० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम कमी मिळाली. राज्याचा अधिकार म्हणजे राज्यांतील सर्वांचा अधिकार, असें गृहीत धरणें किती फसवें आहे, हें यावरून दिसतें.

१९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्यानें माध्यमिक शाळांतील शेतकी शिक्षकांच्या पगारास मदत दिली. मध्यवर्ती डॉलरामागें राज्यानें किंवा गांवानें एक डॉलर घालावा, आणि मुलानें वर्षांतून निदान सहा महिने देखरेखीखालीं शेतीचें प्रत्यक्ष काम करावें, अशा अटी होत्या. दोन्ही आम्हांस मनापासून पटतात. उलट २००२ पासून अंमलांत आलेल्या शालेय कायद्यानें तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षीं वाचन व गणित यांची परीक्षा सक्तीची केली आणि शाळांस निकालाच्या धाकांत ठेविलें. शाळाखर्चाचा सुमारें दहावा हिस्सा देणारानें सगळ्या वर्गांचें वेळापत्रक हलविलें! २०१५ सालीं कायदा बदलून पुष्कळसा अधिकार राज्यांस परत द्यावा लागला. परीक्षा मात्र राहिल्या.

ह्या हकीकतीचें मर्म आमच्या मतें असें कीं, अट आहे कीं नाहीं हें न पाहतां ती कोणाच्या उपयोगाची आहे हें पाहावें. राज्यानें ज्यास बाहेर ठेविलें त्याच्यासाठीं दार उघडणारी अट हवी; वर्गांतील शिक्षकाचा हात धरणारी नको.

आपल्याकडे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें शिक्षण हा विषय राज्यांच्या यादींतून समवर्ती यादींत गेला. शेतकी शिक्षण मात्र आजही राज्यांच्याच यादींत आहे. १९६८ सालीं स्थापन झालेलें राहुरीचें कृषि विद्यापीठ वरील अमेरिकन महाविद्यालयांच्याच नमुन्याचें. तेव्हां दिल्लीहून किती आलें एवढेंच विचारून भागणार नाहीं. मुंबईनें आपला वांटा घातला काय, आणि तो कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलामुलींपर्यंत पोंचला काय, हेंही आपण विचारलें पाहिजे. पाट कितीही दुरून आला तरी शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी नेण्याचें काम शेतावरच्या माणसाचेंच असतें.