कमरेला खोचलेला पिवळा रुमाल

अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियममध्ये सत्तर हजार माणसं बसलेली असतात आणि चेंडू हलला की सत्तर हजार माना चेंडूच्या मागे वळतात. मैदानावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट घातलेले सात पंच उभे असतात. त्यांच्यातल्या बहुतेकांची नजर त्या वेळी चेंडूवर नसते. एकजण फळीतल्या धिप्पाड गड्यांचे हात पाहत असतो, एकजण पास झेलायला धावणाऱ्याचे खांदे, तर एकजण मैदानाच्या कडेची पांढरी रेष आणि तिच्याजवळ पडणारे बूट. चेंडू पाहण्याची ओढ आवरणं हा या कामातला पहिला धडा. ज्याची नजर चेंडूमागे गेली, त्याच्या वाट्याच्या गड्यांनी काय केलं हे त्याला मागाहून कोणीही विचारू नये.

हा खेळ म्हणजे हेल्मेट घालून केलेली झोंबाझोंबी, असा आपल्याकडे समज आहे. दुरून पाहणाऱ्याला तसंच वाटणार. प्रत्यक्षात तो बुद्धिबळासारखा टप्प्याटप्प्यांत चालतो. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघाला १० यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाला डाऊन म्हणतात. १० यार्ड कापले की पुन्हा चार डाऊन, नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे. एक प्रयत्न जेमतेम पाच-सहा सेकंद चालतो. तेवढ्या वेळात बावीस जण एकमेकांवर आदळतात, आणि त्यातलं काय चाललं, काय नाही, हे सात जणांना ठरवायचं असतं.

व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, सातांची जागा ठरलेली असते. पांढरी टोपी एकट्या रेफ्रीची, बाकी सगळ्यांच्या काळ्या. रेफ्री क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्या गड्याच्या मागे, काही अंतर राखून उभा राहतो. डाऊन जज आणि लाइन जज चेंडू जिथून सुरू होतो त्या रेषेच्या दोन टोकांना असतात. फील्ड जज आणि साइड जज वीसेक यार्ड आत, आणि बॅक जज त्यांच्याही मागे. अंपायर पूर्वी बचाव फळीच्या पाठीशी, ऐन घुसळणीत उभा राही आणि धडका खाई. २०१० साली त्याला आक्रमक संघाच्या मागे नेलं, ते त्याच्याच जिवासाठी. कोणी कोणावर नजर ठेवायची याची वाटणी खेळ सुरू होण्याआधीच झालेली असते. सातांपैकी कोणालाही सगळं दिसत नाही, आणि तशी अपेक्षाही नसते.

पंचाच्या हाताकडे जवळून पाहिलं तर मनगटाला बांधलेला एक पट्टा दिसतो आणि त्याला जोडलेला इलॅस्टिकचा एक फास. पहिल्या डाऊनला तो फास तर्जनीत, दुसऱ्याला मधल्या बोटात, तिसऱ्याला अनामिकेत, चौथ्याला करंगळीत. चारपर्यंत मोजायला असं साधन कशाला, असं वाटेल. पण गर्दीच्या गोंगाटात, धावपळीत, डोकं दहा गोष्टींत गुंतलेलं असताना चारपर्यंतचा आकडाही निसटतो. ६ ऑक्टोबर १९९० रोजी कॉलेजच्या एका सामन्यात मिझुरीच्या मैदानावर पंचांचा हिशेब चुकला आणि कोलोरॅडोला शेवटच्या क्षणी चक्क पाचवा डाऊन मिळाला. त्यावर त्यांनी टचडाऊन केला, म्हणजे चेंडू समोरच्याच्या टोकाच्या रेषेपार नेला, आणि सामना ३३-३१ असा जिंकला. निकाल कायम राहिला, पंचांना निलंबित केलं गेलं, आणि कोलोरॅडो त्या मोसमात राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत पोचला.

याच चुकीची आधीची कहाणी मला जास्त जवळची वाटते. नोव्हेंबर १९४० मध्ये कॉर्नेल आणि डार्टमथ यांच्या सामन्यात रेफ्री रेड फ्रीसेल यांच्याकडून अशीच मोजदाद चुकली आणि कॉर्नेलने पाचव्या डाऊनवर ७-३ असा विजय मिळवला. फिल्म धुऊन आली, ती पाहून फ्रीसेल यांनी आपली चूक मान्य केली. कॉर्नेलने मग तार करून विजय परत केला. नोंदींत तो सामना आजही डार्टमथ ३, कॉर्नेल ० असा आहे.

पण मोजणं वेगळं आणि ठरवणं वेगळं. मोजण्यात चूक झाली तर फिल्म ती दाखवून देते. ठरवण्याचं काम मात्र पंचाच्या कमरेला खोचलेल्या पिवळ्या रुमालाशी येऊन थांबतं. पूर्वी फाऊल झाला की पंच शिट्टी किंवा भोंगा वाजवत, आणि गोंगाटात तो कोणाला ऐकू जात नसे. यंग्सटाउनचे प्रशिक्षक ड्वाइट बीडी यांनी १९४१ मध्ये रुमाल टाकण्याची कल्पना काढली आणि त्यांच्या पत्नी अर्मा यांनी ते पहिले रुमाल घरी शिवले. एनएफएलने १९४८ मध्ये ही पद्धत घेतली. रुमाल आधी पांढरा होता, तो १९६५ पासून पिवळा झाला. तो नीट पडावा म्हणून त्यात थोडं वजन घालतात. १९९९ मध्ये छर्रे भरलेला असा एक रुमाल क्लीव्हलंडच्या ऑर्लँडो ब्राउन या खेळाडूच्या डोळ्यात हेल्मेटच्या फटीतून गेला आणि त्याला तीन मोसम खेळाबाहेर राहावं लागलं. रुमाल गड्याच्या दिशेने भिरकवायचा नाही, हवेत वर टाकायचा, ही काळजी का घ्यायची ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

काही फाऊल असे असतात की तिथे विचार करायचाच नसतो. चेंडू हलण्याआधी आक्रमक फळीतला गडी हलला, मैदानावर अकराऐवजी बारा जण उतरले, वेळ संपला तरी चेंडू सुरू झाला नाही, तर रुमाल टाकायचा आणि ५ यार्ड मागे पाठवायचं. पंचांचा खरा कस लागतो तो होल्डिंगमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवण्यात. हे मी थोडं सावकाश सांगतो, कारण अख्ख्या खेळाचं मर्म इथे आहे.

आक्रमक फळीतल्या गड्याचं काम क्वार्टरबॅककडे झेपावणाऱ्याला अडवणं. तो दोन्ही हात समोरच्याच्या छातीवर, खांद्यांच्या आतल्या बाजूला ठेवतो. तिथे त्याने जर्सी मुठीत धरली तरी सहसा कोणी काही म्हणत नाही. समोरचा एकदम बाजूला वळतो. आता हात सुटला नाही, जर्सी ताणली गेली, वळणाऱ्या गड्याचा खांदा मागे खेचला गेला, तर होल्डिंग, १० यार्ड दंड. हा सगळा प्रकार अर्ध्या सेकंदात होतो. अंपायर पाहतो ते हात धरलेत की नाही एवढंच नव्हे. निसटू पाहणाऱ्याची वाट खरोखर अडली का, हे त्याला पाहायचं असतं. मैदानाच्या एका टोकाला दोघांत ओढाताण झाली आणि चेंडू दुसऱ्या टोकाला गेला, तर शहाणा पंच रुमालाला हात लावत नाही. पुढच्या डाऊनआधी तो त्या गड्याला सांगतो, हात आवर, पुढच्या वेळी टाकीन. नियमाचं अक्षर पाहिलं तर होल्डिंग जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात कुठेतरी सापडेल, असं या खेळातली जाणती माणसं सांगतात. सगळं पकडायचं ठरवलं तर सामना संपायचाच नाही.

म्हणून या कामात मनाशी विचारायचा प्रश्न एकच आहे: याने फरक पडला का?

आणि इथेच पंचांचं नियमपुस्तक मला फार विचारी वाटतं. शंका आली तर कोणत्या बाजूला झुकायचं हे ते जागोजागी सांगून ठेवतं. आपल्या क्रिकेटमध्ये संशयाचा फायदा फलंदाजाला, एवढं एकच सूत्र सगळ्यांना ठाऊक असतं. इथे सूत्र प्रसंगागणिक बदलतं. पास झेलला की नाही याची खात्री नसेल तर झेलला नाही असं धरायचं. होल्डिंगची नुसती शंका असेल तर रुमाल कमरेलाच ठेवायचा. पण पास फेकून मोकळ्या झालेल्या, बेसावध क्वार्टरबॅकवर कोणी धडकलं आणि ते रीतसर होतं की नाही अशी शंका आली, तर १५ यार्डांचा दंड द्यायचाच. जिथे माणसाची मान किंवा डोकं पणाला लागतं, तिथे फरक पडला का हा प्रश्नच विचारायचा नसतो. कॉलेजच्या खेळात डोक्याला लक्ष्य करून मारलेल्या धडकेबद्दलही हेच आहे. मला हा फरक योग्य वाटतो, नुसता योग्य नव्हे, सुंदर वाटतो.

दंडाचा स्वभावही तसाच आहे. रेफ्री दंड जाहीर करतो, पण ज्याच्यावर अन्याय झाला त्या संघाला तो नाकारता येतो. समजा, आक्रमक संघाने होल्डिंग केलं आणि त्याच प्रयत्नात त्यांचा पास बचाव संघाने पळवला. बचाव संघ म्हणतो, दंड नको, चेंडू हवा. म्हणजे हा दंड गुन्हेगाराला शिक्षा करण्यासाठी कमी, ज्याचं नुकसान झालं त्याची भरपाई करण्यासाठी जास्त आहे.

पास इंटरफिअरन्समध्ये ही पारख आणखी अवघड होते. चेंडू हवेत आहे, झेलणारा आणि त्याला रोखणारा दोघंही धावताहेत, दोघांनाही चेंडूवर झेपावण्याचा सारखाच हक्क आहे. दोघं एकमेकांना लागले म्हणून फाऊल होत नाही. चेंडूकडे न पाहता, तो पोचण्याआधी अंगावर जाऊन झेलायची संधी हिरावली, हात अडकवला, पाठीतून आरपार गेला, तर फाऊल. चेंडू उघडपणे आवाक्याबाहेर असेल तर पुन्हा नाही. एनएफएलमध्ये बचाव संघाने हा फाऊल केला तर चेंडू थेट त्या जागी नेऊन ठेवतात, मग ती जागा चाळीस यार्ड पुढे का असेना. एका रुमालाची एवढी किंमत दुसऱ्या फारशा फाऊलमध्ये नाही.

२० जानेवारी २०१९. न्यू ऑर्लिन्समध्ये सेंट्स आणि रॅम्स यांचा सामना, जिंकेल तो सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला जाणार. २०-२० अशी बरोबरी, दोनहून कमी मिनिटं उरलेली. सेंट्सच्या टॉमीली लुईसकडे पास निघाला आणि चेंडू पोचण्याआधीच रॅम्सच्या निकेल रोबी-कोलमनने त्याला धडक देऊन आडवं केलं. जवळच पंच होते. रुमाल पडला नाही. आपण लवकर पोचलो होतो, हे रोबी-कोलमनने सामन्यानंतर स्वतः मान्य केलं. रॅम्सने जादा वेळेत २६-२३ असा सामना जिंकला आणि एक अख्खं शहर महिनोन्महिने पेटून उठलं.

लीगने मग ३१ विरुद्ध १ मतांनी ठरवलं की पास इंटरफिअरन्सही, रुमाल टाकलेला असो वा नसो, रिप्लेवर तपासता येईल. कागदावर हे अगदी न्याय्य वाटतं. मोसमभर प्रशिक्षक निर्णयाला आव्हान देणारा लाल रुमाल टाकत राहिले आणि न्यूयॉर्कच्या रिप्ले कक्षातून बहुतेक वेळा मूळ निर्णयच कायम राहिला. चित्र थांबवून पाहिलं की हाताला हात लागलेला दिसतो, पण त्याने गडी अडला की नाही, ते थांबलेल्या चित्रात दिसत नाही. तो प्रश्न गतीचा आहे, आणि गती थांबवली की उत्तरही हरवतं. एका मोसमानंतर तो नियम गुंडाळला. पाय रेषेच्या आत पडला का, गुडघा आधी टेकला की चेंडू आधी सुटला, हे कॅमेऱ्याला नक्की कळतं. २०२५ पासून पहिल्या डाऊनचं अंतरही कडेला साखळी ताणून मोजण्याऐवजी हॉक-आयचे कॅमेरे मोजतात. चेंडू कुठे ठेवायचा ते मात्र अजूनही पंचच ठरवतो.

२०१९ मध्ये न टाकलेल्या रुमालाने लोक चिडले, तर चार वर्षांनी टाकलेल्या रुमालाने. फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये ३५-३५ अशी बरोबरी असताना, शेवटच्या दोन मिनिटांत ईगल्सच्या जेम्स ब्रॅडबरीवर होल्डिंगचा रुमाल पडला. चीफ्सना नवे चार डाऊन मिळाले, त्यांनी घड्याळ संपवत आणलं आणि ३८-३५ अशी लढत जिंकली. अशा वेळी असला बारीक फाऊल द्यायचा का, यावर देशभर वाद झाला. ब्रॅडबरीने मात्र सांगून टाकलं की मी जर्सी ओढली होती, पंच सोडून देतील अशी आशा होती. माझ्या मते त्या पंचाने बरोबर केलं. पहिल्या मिनिटाचा नियम शेवटच्या मिनिटाला सैल करणं म्हणजे ज्याला धरून ठेवलं त्याच्यावर अन्याय करणं.

यातले बरेचसे पंच आठवडाभर दुसरी नोकरी करतात. एड होकुली वर्षानुवर्षं वकिली करत पंचगिरी करायचे. सामन्यानंतर प्रत्येक निर्णय लीगचे लोक फिल्मवर तपासतात, त्याला गुण देतात, आणि बाद फेरीचे सामने त्या गुणांवर मिळतात. न टाकलेले रुमालही त्यात मोजले जातात.

आणि कधी असा प्रसंग येतो की पंचाला त्यासाठी नेमका फाऊलच सापडत नाही. १ जानेवारी १९५४ रोजी डॅलसमध्ये राइस आणि अलाबामा या कॉलेज संघांचा कॉटन बोल सामना होता. राइसचा डिकी मेगल स्वतःच्या ५ यार्ड रेषेजवळून चेंडू घेऊन कडेने सुटला. पुढे त्याला अडवायला कोणी उरलं नव्हतं. मैदानाचा मध्य त्याने ओलांडला आणि अलाबामाच्या बाकावर बसलेला टॉमी लुईस हेल्मेट न घालताच उठला, मैदानात घुसला आणि त्याने मेगलला खाली पाडलं. नेहमीसारखा दंड मोजला असता तर मेगल पडला होता तिथून काही यार्ड पुढे, एवढंच हाती आलं असतं. रेफ्री क्लिफ शॉ यांनी ते मोजलं नाही. हा माणूस उठला नसता तर काय झालं असतं, एवढंच त्यांनी स्वतःला विचारलं आणि टचडाऊन दिला. नोंदवहीत मेगलच्या नावावर ती ९५ यार्डांची धाव आहे. त्यातले जवळपास निम्मे यार्ड तो धावलाच नाही.