अवलोकितेश्वराचे हात

मुंबईत फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीत, जिन्याखालच्या खोलीवजा जागेत, कॅमेरे दुरुस्त करणारे एक काका बसतात. परवा त्यांनी माझ्यासमोर एक जुना डिजिटल एसएलआर उघडला. आधी तळाचे स्क्रू, मग बाजूचे, मग मागची स्क्रीन. प्रत्येक थराचे स्क्रू बर्फाच्या ट्रेमधल्या वेगळ्या खणात. आत पोहोचल्यावर फ्लॅशचा कपॅसिटर त्यांनी सर्वांत आधी डिस्चार्ज केला. बॅटरी काढली तरी त्यात चार्ज राहतो आणि जोरात झटका बसतो. मग कागदासारख्या पातळ फ्लेक्स केबल चिमट्याने अलगद सोडवल्या आणि हिरव्या बोर्डावर बोट ठेवून म्हणाले, "यातली एक चिप जरी गेली, तरी बॉडी म्हणजे निव्वळ डबा."

साधारण नव्वद वर्षांपूर्वी टोकियोत गोरो योशिदा नावाच्या तरुणाने असाच एक कॅमेरा उघडला होता. तो जर्मन लायका होता. जपानमध्ये त्याची किंमत पदवीधर नोकरदाराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी. आत काय निघालं, तर पितळ, ॲल्युमिनियम, लोखंड आणि रबर. एवढ्याशा मालाचे इतके पैसे, या विचाराने तो चिडला. हे तर आपणही जुळवू शकतो, असं त्याने ठरवलं. १९३३ साली रोप्पोंगीतल्या एका इमारतीत छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. तिचीच पुढे कॅनन झाली.

पहिल्या नमुना कॅमेऱ्याला नाव दिलं 'क्वानोन'. योशिदा भाविक बौद्ध होता आणि क्वानोन, म्हणजे कान्नोन, ही जपानची करुणेची देवता. आपल्या ओळखीचा अवलोकितेश्वर तो हाच. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेतलेला पद्मपाणी हे त्याचंच रूप. बोरिवलीजवळ कान्हेरीच्या लेण्यांत तो अकरा मुखांचा आहे. ज्याच्या नावातच अवलोकन आहे, त्याचं नाव कॅमेऱ्याला देणं यापेक्षा समर्पक काय असणार? क्वानोनच्या मूळ बोधचिन्हात सहस्रहस्त कान्नोन होती आणि लेन्सचं नाव होतं 'कास्यापा', म्हणजे बुद्धाचा शिष्य महाकाश्यप. १९३५ मध्ये नाव 'कॅनन' झालं आणि देवता मागे पडली. हजार हातांची गरज मात्र कायम राहिली.

१९३६ साली 'हान्सा कॅनन' बाजारात आला तेव्हाच ही गरज दिसली. बॉडी जमली होती, पण लेन्स बनवणं हे वेगळंच शास्त्र. ती आली निप्पॉन कोगाकूकडून, म्हणजे आजच्या निकॉनकडून. ज्या दोन नावांवरून आपल्याकडच्या लग्नाच्या फोटोग्राफरांचे वाद रंगतात, त्यातल्या एकाचा पहिला कॅमेरा दुसऱ्याच्या डोळ्याने पाहत होता.

आता थेट जानेवारी २०१९ मध्ये येऊ. कॅननचं आर्थिक वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि महिनाअखेर कंपनी वर्षभराच्या विक्रीचा अंदाज मांडते. त्या महिन्यात कंपनीचे प्रमुख फुजिओ मितराई यांनी एका जपानी वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत फार स्पष्ट बोलून टाकलं. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांची जगाची बाजारपेठ तेव्हा वर्षाला सुमारे एक कोटी नगांची होती. ती आणखी घसरेल आणि पन्नास-साठ लाखांवर थांबेल. उरतील ते व्यावसायिक आणि पक्के हौशी. स्वतःच्याच धंद्याचं हे असं भविष्य सांगायला धाडस लागतं. पण आकडे समोर होते. जपानी कॅमेरा उद्योगाने २०१० साली सगळे प्रकार धरून १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठवले होते. मोबाइलने खिशातला कॅमेरा गिळला आणि पुढे २०२३ मध्ये हा आकडा ७७ लाखांवर आला.

मितराईंचं भाकीत खरं ठरलं. २०२० मध्येच लेन्सवाल्या कॅमेऱ्यांचा आकडा सुमारे ५३ लाखांवर आला. महामारीत लग्नं बंद, सामने बंद, पर्यटन बंद. कॅमेरा घेऊन जायचं कुठे? त्यानंतर मागणी परत आली, आणि नेमकं इथंच घोडं पेंड खायला लागलं. गिऱ्हाईक तयार, माल नाही.

कारण कुठलं एक नव्हतं. महामारीच्या सुरुवातीला मोटार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. घरी बसलेल्या जगाने लॅपटॉप आणि गेमिंगची यंत्रं उचलली, तेव्हा चिपचे कारखाने तिकडे गुंतले. मोटारवाले परत रांगेत आले तोवर जागा भरल्या होत्या. त्यात ऑक्टोबर २०२० मध्ये मियाझाकीतल्या नोबेओका इथे ध्वनीच्या चिप बनवणारा कारखाना जळाला, तर मार्च २०२१ मध्ये इबाराकीतल्या मोठ्या चिप कारखान्याला आग लागली. कॅमेऱ्याचा सेन्सर कॅनन बहुतांशी स्वतः बनवते, त्यामुळे मुख्य गोष्ट घरची. तुटवडा होता तो किरकोळ वाटणाऱ्या चिपचा: वीजपुरवठा सांभाळणारी, आवाज टिपणारी. वरात निघायला सगळे तयार आणि घोड्याचा पत्ता नाही, तशी गत. जपानमध्ये कंपनीला ग्राहकांची जाहीर माफी मागावी लागली.

या तुटवड्याची सर्वांत बोलकी गोष्ट मात्र कॅमेऱ्याची नाही. कॅनन ऑफिसांत चालणारे कॉपियरही बनवते. त्यांच्या टोनरच्या नळकांड्यावर एक चिप असते. माल अस्सल आहे की नाही, हे यंत्राला तिच्यावरून कळतं. २०२२ च्या सुरुवातीला त्या चिपही मिळेनात, म्हणून टोनर चिपविनाच विकायला काढावा लागला. साहजिकच यंत्रं कंपनीच्या अस्सल मालावरच संशय घेऊ लागली. मग हा इशारा आला तर ओके दाबून पुढे कसं जायचं, हे जर्मनीत कंपनीनेच ग्राहकांना समजावलं. आपणच नेमलेल्या रखवालदाराला आपणच बाजूला सारायचं!

आणखी गंमत म्हणजे कॅनन चिप बनवणारी यंत्रंही विकते. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाने नक्षी उमटवणारी ही लिथोग्राफी यंत्रं म्हणजे उलट्या दिशेने चालणारा कॅमेराच. चित्र टिपण्याऐवजी छापतो. अत्याधुनिक यंत्रांत डच कंपनी एएसएमएल फार पुढे आहे, पण साध्या, जुन्या पद्धतीच्या चिपसाठी कॅननच्या यंत्रांना मागणी आहे. म्हणजे तुटवड्याने एका खात्यात हात आखडला, तर दुसऱ्या खात्याकडे गिऱ्हाइकांची रांग लागली. कॅमेरा कंपन्यांपैकी कॅनन का तगली, याचं थोडं उत्तर इथे आहे. उरलेलं प्रिंटर, सीसीटीव्ही आणि रुग्णालयांतल्या स्कॅनिंग यंत्रांत.

अंदाज चुकला तो मात्र वेगळ्याच ठिकाणी. जानेवारी २०२२ मध्ये कॅननने चीनमधल्या झुहाईचा कारखाना बंद करायचं जाहीर केलं. १९९० पासूनचा हा कारखाना, छोट्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचा. कारणं दोन सांगितली: आटलेला बाजार आणि न मिळणारे सुटे भाग. हिशेब बिनचूक होता. पण दोन-तीन वर्षांत विशीतल्या पोरांनी आई-वडिलांच्या कपाटातले जुने कॉम्पॅक्ट बाहेर काढले. मोबाइलचे गुळगुळीत फोटो त्यांना नकोसे झाले. फ्लॅशने पांढरे पडलेले चेहरे हवेसे झाले. कॅननचा २०१९ सालचा कॉम्पॅक्ट, पॉवरशॉट जी७एक्स मार्क थ्री, मिळेनासा झाला. २०२४ मध्ये जपानी उद्योगाच्या कॉम्पॅक्टची पाठवणी १७ लाखांवरून जवळपास १९ लाखांवर गेली. २०१० च्या मानाने हा थेंबच; पण आटलेल्या विहिरीत झरा लागला, ही बातमी थोडी नव्हे. झुहाई मात्र गेलं ते गेलंच.

आता नवी अडचण मेमरीची. कॅननचा ४५ मेगापिक्सेलचा आर५ मार्क टू एका सेकंदात तीस फोटो काढतो. कार्डावर जाईपर्यंत हा सगळा लोंढा आतल्या मेमरीत थोपवून धरावा लागतो. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार असा शोषला, की भाव भडकले. त्याच वर्षी अमेरिकेने जपानी मालावर १५ टक्के आयातशुल्क बसवलं आणि तिथे किमती वाढल्या. गिऱ्हाईक किती येतील, हे अनुभवाने थोडंफार सांगता येतं. हजार हातांपैकी कुठला हात कधी आखडेल, हे जानेवारीत बसून कोण सांगणार?

काकांच्या टेबलावरचा बोर्ड गेलेलाच निघाला. त्यांनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. उठले, मागच्या कपाटातून त्याच मॉडेलची एक मेलेली बॉडी काढली. अशा पाच-पन्नास बॉड्या ते भंगाराच्या भावाने घेऊन ठेवतात. ते तिचा बोर्ड सोडवत असताना मी विचारलं, पुढच्या वर्षी धंदा कसा राहील?

"ते मला काय माहीत," ते म्हणाले. "कपाट भरलेलं ठेवायचं."