व्हॉल्व्हच्या नादाचे गणित

व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांनी ऐकला आहे, त्यांना त्या आवाजाची ऊब आठवत असेल. बटण फिरवल्यावर काचेच्या नळ्या तापेपर्यंत थांबावे लागे आणि मग भरदार आवाज खोलीभर पसरे. ट्रान्झिस्टर आला आणि घरांतून व्हॉल्व्ह हद्दपार झाले. इलेक्ट्रिक गिटारच्या दुनियेत मात्र ते आजही टिकून आहेत. १९६०च्या दशकात ब्रिटनमधील काही अॅम्प्लिफायरनी रॉक संगीताला जो आवाज दिला, तो या नळ्यांच्या मर्यादांतूनच जन्मला होता. तोच आवाज संगणकीय गणिताने पुन्हा घडवण्याचा प्रयत्न १९९०च्या दशकापासून सुरू आहे.

या परंपरेतील दोन नावे महत्त्वाची. पहिले 'व्हॉक्स एसी ३०'. केंट परगण्यातील डार्टफर्ड येथे टॉम जेनिंग्ज यांच्या कंपनीसाठी डिक डेनी यांनी त्याची रचना केली. त्याचा लखलखीत, घंटेसारखा नाद शॅडोज आणि बीटल्सच्या गिटारींतून जगभर पोहोचला. पुढे 'क्वीन'च्या ब्रायन मे यांनीही तोच निवडला. दुसरे नाव 'मार्शल'. पश्चिम लंडनमध्ये ड्रम शिकवणारे आणि वाद्यांचे दुकान चालवणारे जिम मार्शल यांनी १९६२च्या सुमारास सहकाऱ्यांसह 'जेटीएम ४५' तयार केला. त्याचा आराखडा 'फेंडर बासमन' या अमेरिकी अॅम्प्लिफायरवर बेतलेला होता. पण व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर वेगळे असल्याने आवाजही अधिक करकरीत झाला.

या नादाचे रहस्य अतिभारात आहे. क्षमतेपेक्षा जास्त जोराचा विद्युतसंकेत आला की व्हॉल्व्ह त्याचे माथे एकदम छाटत नाही, हळूहळू दाबत जातो. त्यातून मूळ स्वराभोवती नवे उपस्वर तयार होतात. तंबोऱ्याच्या जवारीने साधा स्वर जसा गुंजारवाने भरून जातो, तसाच काहीसा हा प्रकार. तार जोरात छेडली की वीजपुरवठ्याचा दाब क्षणभर खचतो आणि सावरतो. त्यामुळे स्वर दबून पुन्हा फुलल्यासारखा वाटतो. अभियंत्याच्या दृष्टीने हे सारे दोषच. मात्र १९६६ मध्ये जॉन मेयॉल यांच्यासोबतच्या ध्वनिमुद्रणात एरिक क्लॅप्टन यांनी मार्शल मोठ्या आवाजात वाजवला आणि हाच दोष गिटारवादनाचा अलंकार ठरला.

अडचण एकच होती. हा नाद मिळवायचा तर आवाज वाढवावाच लागे. तीस वॅटचा व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर पूर्ण क्षमतेने सदनिकेत वाजवला, तर शेजारी दार ठोठावणारच. शिवाय ही यंत्रे जड आहेत आणि त्यांचे व्हॉल्व्ह आता रशिया, स्लोव्हाकिया, चीन अशा मोजक्याच देशांत बनतात.

त्यावर तोडगा म्हणून १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातील 'लाइन ६' कंपनीचा 'पॉड' हा लालसर रंगाचा छोटा डबा आला आणि लोकप्रिय झाला. तारेच्या कंपनांचे आकड्यांत रूपांतर करायचे, त्यांवर अॅम्प्लिफायरसारखी गणिती प्रक्रिया करायची आणि पुन्हा ध्वनी बनवायचा, हे त्याचे तत्त्व. पुढे मंडलातील एकेका घटकाची समीकरणे मांडली जाऊ लागली. सेकंदाला ४८ हजार नमुने घेऊन ती क्षणोक्षणी सोडवायची आणि तीही वादकाला उशीर जाणवू न देता! अतिभारातून निर्माण होणारे अतिउच्च उपस्वर या मोजणीत मावत नाहीत. ते बेसूर होऊन खाली परततात. ते टाळण्यासाठी आतील गणित कित्येक पट वेगाने करावे लागते. स्पीकरच्या पेटीचाही वाटा मोठा आहे. ती तीव्र खरखर गाळून टाकते, म्हणून तिचा प्रतिसाद मोजून वेगळा जोडला जातो.

२०११ मध्ये जर्मनीतील 'केम्पर'ने वेगळी वाट दाखवली. मंडल उलगडण्याऐवजी खऱ्या अॅम्प्लिफायरमधून चाचणीचे ध्वनी पाठवून त्याच्या आवाजाचा ठसाच घ्यायचा. आता हे काम न्यूरल नेटवर्कही करतात. आत दिलेला आणि बाहेर आलेला ध्वनी यांची तुलना करत संगणक यंत्राचा स्वभाव शिकतो. त्यासाठीची मुक्त प्रणालीही उपलब्ध आहे. मात्र असा ठसा बहुधा बटणांच्या एकाच स्थितीचा असतो. बटण फिरवले की खरे यंत्र जसे बदलते, तसे तो आपोआप बदलेलच असे नाही.

मग नक्कल अस्सलाला गाठते का? ध्वनिमुद्रणात दोन्हींतील फरक ओळखणे आता जाणकारांनाही सोपे राहिलेले नाही. वादकाचा अनुभव मात्र निराळा आहे. मॉडेल सहसा मायक्रोफोनने टिपलेला आवाज ऐकवते. प्रत्यक्ष पेटीसमोर उभे राहिल्यावर हवेचा धक्का अंगाला जाणवतो, त्याच हवेने तारा पुन्हा थरथरतात आणि स्वर लांबत जातो. हेडफोनमध्ये हे सुख नाही. पण जो नाद मिळवण्यासाठी एकेकाळी सारे सभागृह दणाणून सोडावे लागे, तो आज मध्यरात्री, शेजारच्या खोलीत झोपलेल्या मुलाला न उठवता वाजवता येतो. आवाजाच्या मोठेपणापासून नादाची झालेली ही सुटका, हेच या गणिताचे खरे यश.