पारखून घेणे हा अविश्वास नव्हे

मंडळीत खोट्या शिक्षकांचा विषय निघाला की आपल्या नजरा आधी दाराबाहेर वळतात. पत्रके वाटत फिरणारा कुठला तरी अनोळखी पंथ डोळ्यांपुढे येतो. पौलाची काळजी वेगळी होती. यरुशलेमेला जाताना त्याने इफिसच्या वडिलांना मिलेत येथे बोलावून घेतले आणि बजावले, की लांडगे बाहेरून येतीलच, पण तुमच्यातूनही माणसे उठतील आणि शिष्यांना आपल्या मागे ओढतील. ज्यांना तो हे सांगत होता, ती तीन वर्षे त्याच्याकडूनच शिकलेली माणसे होती.

गैरसमज: ज्याच्या हातून चमत्कार होतात, तो देवाचाच माणूस.

अनुवादाच्या तेराव्या अध्यायात याचे थेट उत्तर आहे. एखाद्याने सांगितलेले चिन्ह खरे ठरले, तरी तो परमेश्वरापासून दूर नेत असेल तर त्याचे ऐकायचे नाही. म्हणजे चमत्कार खरा की खोटा, हा प्रश्न नंतरचा. शिकवण काय आहे, हे आधी पाहायचे.

जिम जोन्सच्या सभांत हाच क्रम उलटा झाला. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये तो काळ्या-गोऱ्यांना एकत्र बसवी, गरिबांना जेवू घाली. 1964 मध्ये एका प्रतिष्ठित प्रोटेस्टंट पंथाने त्याला रीतसर दीक्षाही दिली. त्याच्या सभेत रोग्याच्या शरीरातून कर्करोगाची गाठ ‘बाहेर पडे’ आणि ती सगळ्यांना दाखवली जाई. प्रत्यक्षात ते कोंबडीचे कुजके मांस असे. पुढे त्याने भर सभेत बायबलचीच टिंगल केली, तरी लोक त्याला सोडून गेले नाहीत. 18 नोव्हेंबर 1978 रोजी गयानातल्या त्याच्या वसाहतीत आणि आसपास 900 हून अधिक माणसे मेली, बहुतेक सायनाइडने. त्यांत 300 च्या आसपास मुले होती.

आपल्याकडे हा धोका बहुधा औषधाच्या गोळीपाशी येऊन उभा राहतो. ‘विश्वास असेल तर गोळ्या बंद करा’ असे कुणी व्यासपीठावरून सांगत असेल, तर त्याला त्रफिमाविषयी विचारावे. पौलाने आपल्या या सोबत्याला मिलेत येथे आजारी असतानाच मागे ठेवले होते, आणि त्याच्या विश्वासाला कुठेही दोष दिला नाही. तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावरही पौलाने उपाय सुचवला, तो थोड्या द्राक्षारसाचा.

गैरसमज: पाळकाला प्रश्न विचारणे म्हणजे देवाच्या अभिषिक्ताला हात लावणे.

हे वाक्य ऐकून कितीतरी भाबडी माणसे गप्प बसतात, आणि याचाच मला सर्वांत जास्त राग येतो. ज्या 105व्या स्तोत्राचा आधार यासाठी घेतला जातो, तिथे परक्या मुलखात भटकणाऱ्या अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांना इजा करू नका, असा राजांना इशारा आहे. सत्ताधाऱ्यांना दिलेली ताकीद उचलून दुबळ्यांच्या तोंडाला कुलूप लावायचे, असा हा उलटा प्रकार. दावीदाने शौलाचा जीव घेतला नाही, पण गुहेबाहेर उभे राहून त्याचा अन्याय त्याच्या तोंडावर सांगितला. अंत्युखियात पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष खडसावले. आणि बिरुयाचे लोक तर खुद्द पौलाचे बोलणे रोज शास्त्राशी ताडून पाहत. त्याबद्दल लूक त्यांना थोर मनाचे म्हणतो. केडगावला पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात वेचली, ती साध्या माणसालाही ते स्वतः वाचता यावे म्हणूनच.

पैशाचे म्हणाल, तर ‘डिडाखे’ या फार जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत साधा नियम आहे: फिरता प्रेषित निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घेईल, त्याने पैसे मागितले तर तो खोटा.

मात्र चुकीचे बोलणारा प्रत्येक जण खोटा शिक्षक, हाही गैरसमजच. अपुल्लो मोठ्या आवेशाने शिकवत असे, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी सभेत त्याचा पाणउतारा केला नाही. त्याला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. त्याने तो ऐकून घेतला, आणि पुढे तो अखयाला निघाला तेव्हा तिथल्या शिष्यांनी त्याचे स्वागत करावे म्हणून बंधुजनांनी स्वतः पत्र लिहिले.