संगणकाच्या जुन्या पॉवर सप्लायचा उपयोग

शाळा, पंचायत कार्यालय किंवा सहकारी सोसायटी येथील संगणक निकामी झाला म्हणजे तो भंगारात जातो. परंतु त्यातील पॉवर सप्लाय पुष्कळदा शाबूत असतो. २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे कमी व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करणारी ही पत्र्याची पेटी होय. बॅटरीवरील फवारणीपंप बंद पडल्यास दोष मोटरीचा की बॅटरीचा, हे तिच्या साह्याने पारखता येते. शाळेतील विज्ञानाच्या प्रयोगांनाही ती उपयोगी पडते.

पेटी उघडू नये

पेटीतील कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टचा दाब साठतो व प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. त्याचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. आपणांस लागणाऱ्या सर्व तारा पेटीबाहेरच असतात. म्हणून पेटी उघडण्याचे प्रयोजन नाही.

तारांची ओळख

१९९५ पासून प्रचारात आलेल्या एटीएक्स पद्धतीत पिवळी तार १२ व्होल्टची, तांबडी ५ व्होल्टची व नारिंगी ३.३ व्होल्टची असते. काळ्या तारा ऋण बाजूच्या होत. हिरवी तार पेटी चालू करण्यासाठी असते. काही पेट्यांत रंग निराळे असतात, तर काहींत सर्वच तारा काळ्या असतात. अशा वेळी जाणकाराकडून तारांची खात्री करून घ्यावी.

जोडणी

१. प्लग काढून ठेवावा. पेटीवर व्होल्ट निवडण्याचा खटका असल्यास तो २३० वर आहे, हे पाहावे.

२. हिरवी तार एका लहान खटक्यामार्फत काळ्या तारेस जोडावी.

३. जुन्या पेट्यांना थोडा भार असल्याशिवाय स्थिर दाब देता येत नाही. त्यासाठी तांबड्या व काळ्या तारांमध्ये १० ओहम, १० वॅटचा रोधक जोडावा. तो तापतो, म्हणून लाकूड व प्लॅस्टिक यांपासून दूर बसवावा.

४. पिवळ्या तारेत मोटरीवर लिहिलेल्या अँपिअरपेक्षा किंचित अधिक क्षमतेचा फ्यूज घालावा. पेटीतून पुष्कळ प्रवाह मिळू शकतो व फ्यूजअभावी बारीक तार जळण्याचा संभव असतो.

५. नारिंगी तारेसोबत बारीक तपकिरी तार असल्यास ती तिच्याशी जोडलेलीच राहू द्यावी. उरलेल्या तारांची टोके वेगवेगळी झाकावीत.

नंतर मल्टिमीटरने दाब मोजावा. १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ व ५ व्होल्टच्या तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळाल्यास पेटी योग्य समजावी.

दक्षता

प्लग तीन पिनांचा व भूयोजन असलेलाच वापरावा. पेटी कोरड्या जागी ठेवावी व पंख्याची जाळी मोकळी असावी. तारा एकमेकींस चिकटून पेटी बंद पडल्यास प्लग काढावा, दोष दूर करावा व काही मिनिटांनी ती पुन्हा चालू करावी. या पेटीवर बॅटरी भारित करू नये. शिसे-आम्ल बॅटरीस १४ व्होल्टच्या आसपास दाब लागतो व प्रवाहावरही नियंत्रण असावे लागते.

पंप पारखताना प्रथम बॅटरीच्या तारा सोडवाव्यात. टाकीत थोडे स्वच्छ पाणी घालून पिवळी तार मोटरीच्या धन टोकास व काळी ऋण टोकास लावावी. मोटर चालली, तर बॅटरी, तिच्या तारा व खटका तपासावा. नव्या मोटरीचा खर्च करण्याचे कारण नाही.