इंदिराराजेंचा नकार आणि मेंदूतली सोय

डिसेंबर 1911. दिल्ली दरबारासाठी बडोद्याहून गेलेल्या इंदिराराजे गायकवाड यांचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेलं होतं. त्याच दिवसांत त्यांचं मन कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्यावर बसलं आणि घरात कुणाला न विचारता त्यांनी शिंद्यांना पत्रानेच नकार कळवला. बालविवाहबंदीचा कायदा 1904 साली करणारे त्यांचे वडील, बडोद्याचे महाराज सयाजीराव, मुलीच्या या प्रेमाला मात्र राजी नव्हते! 1913 साली लंडनमध्ये लग्न झालं, तेव्हा आईवडील हजर नव्हते. डिसेंबर 1922 मध्ये जितेंद्र गेले. इंदिराराजेंच्या पदरी पाच मुलं, वय तिशीचं.

एवढा धोका पत्करायला माणूस धजतो कसा? हेलन फिशर आणि सहकाऱ्यांनी 2005 साली प्रेमात आकंठ बुडालेल्या 17 जणांच्या मेंदूची एमआरआय तपासणी केली. प्रिय व्यक्तीचा फोटो पाहताच मध्यमेंदूतला, डोपामिन बनवणाऱ्या पेशींचा भाग उजळला. 2010 साली प्रेमात नकार मिळालेल्यांची तपासणी झाली, तर तिथेही तोच भाग जागा! माणूस सोडून जातो, ओढ तशीच राहते.

त्याहून मला विलक्षण वाटतो तो प्रेअरी व्होल या उंदरासारख्या, जोडीने राहणाऱ्या प्राण्यावरचा 2009 चा प्रयोग. जोडीदारापासून तोडलेला नर पाण्यात सोडला, की हातपाय मारायचं सोडून नुसता तरंगत राही. भावापासून तोडलेल्याचं असं होत नसे. गंमत पुढेच आहे. ताणाचं रसायन बनवण्याची मेंदूतली तयारी जोडी जमलेल्या सगळ्याच नरांत वाढलेली होती, ताटातूट झालेली असो वा नसो. म्हणजे विरहाच्या दुःखाची सोय जीव जडतानाच होऊन बसते. मला वाटतं, जोडीदाराकडे परत खेचणारा हा अंकुश असावा.

मग या जीव जडण्यातून पदरात काय पडतं? जेम्स कोन यांनी 2006 साली 16 विवाहित स्त्रियांना, विजेचा सौम्य झटका बसणार असं सांगून एमआरआय यंत्रात झोपवलं. एकटीच्या मेंदूत धोक्याची खळबळ जास्त. परक्याचा हात हातात असला तर थोडी कमी. नवऱ्याचा असला तर आणखी कमी. ज्यांचं नवऱ्याशी चांगलं जमे, त्यांच्यात हा उतार सगळ्यात ठळक होता.