मोह रात्रीच का गळतो

पहिलं फूल पडलं ते दिसलं नाही, ऐकू आलं. वाळल्या पाचोळ्यावर टप्. मग बराच वेळ शांत. मग दोन-तीन एकदम. मार्चची अखेर, पहाटेचे साडेचार, चिमूरहून कोलाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं गाव. कोलारा हे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचं एक प्रवेशद्वार. उजाडायला लागलं की पर्यटकांच्या जिप्सींची रांग तिथे लागते. मोह वेचणाऱ्या बायका त्याच्याही आधी घराबाहेर पडलेल्या असतात.

आम्ही सात जण होतो. चार बायका, एक म्हातारेबुवा, सुट्टी म्हणून आलेला एक मुलगा आणि मी. कुणी गप्प बसत नव्हतं. मोठ्यानं बोलायचं, मध्येच खाकरायचं, टोपलीवर थापटी मारायची. वाघाला आपण येतोय हे कळलं पाहिजे, म्हणून ही सगळी बडबड. २०२५च्या मे महिन्यात शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या एकाच हल्ल्यात गेल्या. इथे त्याची कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही.

मग इतक्या अंधारात यायचंच कशाला? हा प्रश्न मी घरूनच घेऊन निघालो होतो. उत्तर फुलाच्या रचनेत आहे.

मोहाला या दिवसांत पानं जवळजवळ नसतात. फांदीच्या टोकाशी तपकिरी, लवदार कळ्यांचे झुपके लोंबतात. प्रत्येक कळीतून एक बारीक दोरा बाहेर आलेला असतो. हा स्त्रीकेसर. फूल उमलायच्या आधीच तो परागकण घ्यायला तयार असतो. पुंकेसर आत, पाकळ्यांच्या जाड नळीला चिकटलेले. ही नळी म्हणजेच आपण ज्याला मोहफूल म्हणतो ती. ती रसानं भरलेली असते, आणि ती वटवाघळांसाठी असते. रात्री फळखाऊ वटवाघळं या गोडाच्या ओढीनं झुपक्यांवर येतात आणि एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाला लावून जातात. गिऱ्हाईक रात्रीचं, म्हणून फुलाचं सगळं वेळापत्रक रात्रीचं. रात्र सरत आली की नळीच्या बुडाशी पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा चिकट थर विरघळतो आणि नळी पुंकेसरांसकट सुटून खाली येते.

वर काय उरतं? पेला, बीजांडकोश, तो दोरा. म्हणजे फळ धरणारा भाग झाडावरच राहतो. जमिनीवरचं फूल उचलल्यानं झाडाचं एक बीही कमी होत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर त्याच झाडाखाली टोळ, म्हणजे मोहाची फळं, वेचायची आणि त्यांच्या बियांचं तेल काढायचं. एका झाडाची दोन पिकं, आणि पहिलं घेतल्यानं दुसऱ्याला धक्का नाही. असं दुसरं झाड मला तरी माहीत नाही.

हे पुस्तकात वाचलेलं होतं. तरीही एक फांदी हाताशी आली तेव्हा मी ती हलवायला गेलो. शेजारची मावशी लगेच म्हणाली, "हलवू नोका जी. जे पडाचं थे पडते." हलवून पाडलं तर कच्चं फूल येतं, त्यात गोडी भरलेली नसते, आणि सोबत टोळ धरणारे पेलेही खाली येतात. मी दोन परिच्छेद खर्चून सांगितलं ते तिनं एका ओळीत सांगितलं होतं.

उशीर केला तर चितळं आणि गुरं फुलं खाऊन टाकतात. अस्वलाला तर मोहाचं वेडच. आणि ऊन चढलं की पडलेलं फूल मऊ पडून फुटतं, त्याला माती आणि मुंग्या लागतात. म्हणून पहाट.

झुंजुमुंजू झालं तसा वास जाणवायला लागला. मोहाचा वास गोड असतो हे खरं, पण त्याच्या तळाशी दुसरं काहीतरी असतं, नुकत्याच शिजलेल्या सुवासिक तांदळाच्या वाफेसारखं. हा भास नव्हे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले जीवशास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी वाघाच्या वासांचा अभ्यास अनेक वर्षं केला. वाघ शेपटी उचलून झाडाच्या बुंध्यावर जी पिचकारी मारतो, तिच्यात त्यांना २-ॲसिटिल-१-पायरोलिन हे द्रव्य सापडलं. बासमतीचा सुगंध याच द्रव्याचा. पुढे मोहाच्या फुलातही त्यांना तेच आढळलं. वाघाच्या पिचकारीत स्निग्ध पदार्थ असतात, त्यामुळे तो वास बुंध्यावर बरेच दिवस टिकतो.

तांदूळ, मोह आणि वाघ. या मुलखाची ओळख या तीन गोष्टींत सांगता येईल, आणि तिघांच्या वासात एकच रेणू निघावा! मी हे सोबतच्या बुवांना सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग एका ऐनाच्या झाडाकडे बोट करून म्हणाले, भाताचा वास आला आणि जवळ मोह नसला तर आम्ही पुढं जात नाही.

सहा वाजता झाडाखालचा प्रकार नीट दिसला. काही बुंध्यांभोवती जमीन काळी होती. पाचोळ्यात फूल सापडत नाही म्हणून आधी पाचोळा जाळतात. आग विझली असं वाटतं, पण दुपारच्या वाऱ्यात एखादा निखारा कूस बदलतो आणि वणवा लागतो. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून अशा आगी टिपून वनखात्याला इशारे पाठवते. उपग्रहावरच्या एका संवेदकाचा एक ठिपका जमिनीवर ३७५ मीटरचा असतो. झाडाखालची ढिगाएवढी आग त्याला बहुधा कळतच नाही. ती कळते तोवर पसरलेली असते. आणि त्या आगीत आधी जळतात ती मोहाचीच रोपं. म्हातारी झाडं उभी आहेत, त्यांच्या मागे तरुण झाडं फारशी दिसत नाहीत, याचं मला खरंच भय वाटतं.

एका झाडाखाली मात्र हिरवी नायलॉनची जाळी चार खुंटांना बांधलेली होती. साधी, शेतीच्या दुकानात मिळते तशी. रात्रभर फुलं तिच्यात पडलेली, मातीचा कण नाही. मावशीनं एक कोपरा उचलला तशी सगळी फुलं घरंगळत मध्याशी आली. पाच मिनिटांत टोपली भरली. शेजारच्या झाडाखाली तेवढ्याच फुलांसाठी बाकीच्या बायका तासभर वाकून होत्या. वाघाच्या नजरेला वाकलेला माणूस चार पायांच्या सावजासारखा दिसतो, असं वाघांचे अभ्यासक सांगतात. म्हणजे जाळीनं आग टळते, फूल स्वच्छ मिळतं आणि वाकून राहण्याचा वेळ तासावरून मिनिटांवर येतो. वाघ हटवायच्या चर्चा होत राहतील. तोवर ही जाळी प्रत्येक मोहाखाली का नसावी? सरकारनं तिच्यावर खर्च करावा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

मावशीच्या घरी आल्यावर फुलं शेणानं सारवलेल्या अंगणात पसरली. ताजं फूल फिकट पिवळं, फुगलेल्या मनुकेसारखं, आणि त्यात बहुतेक पाणीच. मी एक किलो वेगळं काढून वाळवलं. चौथ्या दिवशी सव्वादोनशे ग्रॅम भरलं. रंग तांबूस तपकिरी झाला होता, आणि फूल हाताला चिवट लागत होतं. साखर तेवढीच, पाणी गेलं. पाणी नाही म्हणून किण्व वाढत नाही, म्हणून वाळलेलं फूल वर्षभर टिकतं. त्यालाच पुन्हा भिजवलं की आंबणं सुरू होतं. दारूमुळे या फुलावर कायद्याची नजर फार जुनी. साठवणूक आणि वाहतुकीवरचे निर्बंध राज्य सरकारनं २०२१मध्ये उठवले. पण या अंगणात त्या चौथ्या दिवशी त्याचं काय केलं? तव्यावर भाजलं, तिळासोबत कुटलं आणि लाडू वळले. मुलानं चार खाल्ले.

त्याच संध्याकाळी परतताना जाळीच्या झाडापाशी पुन्हा थांबलो. झुपक्यांतून नवे दोरे बाहेर आले होते. मावशीनं मान वर करून ते बोटानं मोजल्यासारखं केलं, खुंटाची दोरी ताणून बांधली आणि मुलाला म्हणाली, "उद्या इथंच पयले या लागते."